भुताखेतांचं सरकारी खातं

गेले तीन-चार विकांत मी एकाच जातीची पुस्तकं वाचतोय. सूत्र साधारण असं: एखादं मोठं शहर, त्यात भुतं, रक्तपिपासू, जादूगार राजरोस नाहीतर लपूनछपून वावरतायत, त्यांच्यावर नजर ठेवायला एक सरकारी खातं आहे आणि त्या खात्यातला नायक समलिंगी आहे. त्याला दुसरा नायक भेटतो आणि दोघं मिळून प्रेतं आणि फायली उपसतात. इंग्रजीत अशा कथांचा आता चांगला ढीग झालाय. हसू नका! यातली बरीच भिकार आहेत, पण काही खरंच चांगली आहेत. आणि त्यांच्यामागचा इतिहास तर त्यांच्याहूनही रंगतदार आहे.

आपल्याकडे नारायण धारपांचा 'समर्थ' भुतांचा बंदोबस्त करायचा, पण त्याला कुठल्या खात्याचा पगार नव्हता. पगारी माणसं बघायची तर अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन साम्राज्यात जावं लागतं. १७१८च्या तहात सर्बियाचा उत्तर भाग तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला आणि नव्या मुलखाबरोबर तिथली भुतंही पदरात पडली. १७२५ साली किसिलिएवो गावात आठवड्याभरात नऊ माणसं दगावली. गावकरी म्हणाले, नुकताच मेलेला प्लोगोयोविट्झ रात्री येऊन छातीवर बसतो. फ्रोम्बाल्ड नावाचा सरकारी अधिकारी म्हणाला, थांबा, बेलग्रेडहून परवानगी आणतो. गावकरी म्हणाले, तोवर आम्ही गावच सोडून जातो. शेवटी हा बिचारा पाद्र्याला घेऊन थडग्यापाशी गेला. लोकांनी प्रेताला खुंटी ठोकली, जाळलं. साहेबांनी रीतसर अहवाल लिहिला आणि खाली पुस्ती जोडली, की यात काही चुकलं असेल तर दोष माझा नाही, भ्यालेल्या जमावाचा आहे. रात्री तीन वाजता सर्व्हर कोसळल्यावर ज्यांनी 'घटनेचा अहवाल' लिहिलाय, त्यांना हा माणूस सख्खा भाऊ वाटेल.

सात वर्षांनी, १७३२च्या जानेवारीत, फ्ल्युकिंगर ह्या लष्करी डॉक्टरने मेडवेजिया गावातली थडगी ओळीने उघडली. कुठलं प्रेत कुजलंय, कुठलं नाही याची नोंद केली. न कुजलेल्यांची डोकी उडवली, जाळली, राख मोरावा नदीत टाकली आणि खाली डॉक्टर-अधिकाऱ्यांच्या सह्या. हा अहवाल युरोपभर गाजला. पुढे १७५५ साली महाराणी मारिया थेरेसाने तिचा वैद्य व्हान स्वीटेन याला कामाला लावलं. त्याने सगळं अडाणीपणात जमा केलं आणि राणीने परस्पर प्रेतं उकरायला बंदी घातली.

आता ह्यात समलिंगी कुठून आले?

डब्लिनच्या शेरिडन ल फानूमुळे आले. १८७१-७२मध्ये त्याने 'कार्मिला' ही लांब कथा लिहिली. 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधी! ऑस्ट्रियातल्या एका गढीत लॉरा नावाची एकटी मुलगी राहते, तिच्याकडे कार्मिला पाहुणी येते. कार्मिला तिच्या प्रेमात आहे, ते शब्दांतून, स्पर्शातून, रुसव्यातून उघड दिसतं. लॉराला ते आवडतंही आणि नकोसंही होतं. (समलैंगिकतेसाठी आज युरोपीय भाषांत रूढ असलेला शब्द छापून येऊन तेव्हा जेमतेम दोनतीन वर्षं झाली होती. केर्टबेनी नावाच्या लेखकाने १८६९मध्ये प्रशियाच्या कायद्याविरुद्ध पत्रकं काढली, त्यातला तो शब्द.) कार्मिला अर्थातच रक्तपिपासू निघते. तिचा शेवट कसा होतो? चक्क सरकारी कमिशन येतं. थडगं उघडतं, डॉक्टर हजर असतात, खुंटी, शिरच्छेद, आग, राख नदीत. मेडवेजियाची कार्यपद्धती जशीच्या तशी! आणि लॉराच्या वडलांकडे सह्यांसकट अहवालाची प्रत येते. पुढे लॉराला मात्र दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाची पावलं ऐकू आल्याचे भास होत राहतात. अहवालात ह्याला रकाना नाही.

म्हणजे ह्या प्रकारच्या कथांच्या मुळाशी बघा काय आहे. बाईवर प्रेम करणारी बाई हे भूत, आणि तिच्यावर चालून येणारं खातं.

कथेबाहेर तर भूतही लागत नव्हतं. हिंदुस्थानात ३७७ कलम १८६२पासून लागू होतं. खुद्द इंग्लंडात १८८५ साली लॅबूशेअर नावाच्या खासदाराने दुसऱ्याच एका विधेयकात रात्री उशिरा एक कलम घुसवलं आणि पुरुषांमधले कुठलेही 'असभ्य' संबंध गुन्हा ठरले. बायका त्यात नव्हत्याच. ह्याच कलमाखाली १८९५मध्ये ऑस्कर वाइल्ड आत गेला, आणि ह्याच कलमाखाली १९५२मध्ये अ‍ॅलन ट्यूरिंग सापडला. आमच्या धंद्यात पोट भरणाऱ्या प्रत्येकाने ही केस वाचावी. घरात चोरी झाली म्हणून तो स्वतः पोलिसांत गेला, चौकशीत त्याचे संबंध बाहेर आले आणि फिर्यादीचा आरोपी झाला. तुरुंगाऐवजी वर्षभर हार्मोन्सचा मारा. ज्याने युद्धात जर्मनांचे संदेश फोडले त्याचा गुप्त कामाचा परवाना काढून घेतला. १९५४च्या जूनमध्ये तो सायनाइडने गेला. सरकारची माफी २००९ची, राणीची २०१३ची.

ट्यूरिंगबद्दलची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. यंत्र विचार करू शकेल का, ह्या १९५०च्या प्रसिद्ध लेखात तो टेलिपथीचा आक्षेप गंभीरपणे घेतो. पुरावा जबरदस्त आहे म्हणतो आणि चाचणीसाठी टेलिपथी शिरणार नाही अशी खोली सुचवतो. गुप्त खातं, अतींद्रिय शक्ती आणि समलिंगी नायक, तिन्ही एकाच खऱ्या माणसात होते. चार्ल्स स्ट्रॉस ह्या लेखकाने (हा पूर्वाश्रमीचा प्रोग्रामर, आपलाच माणूस) ते बरोबर हेरलं. २००४च्या 'द अ‍ॅट्रॉसिटी आर्काइव्ह्ज'मध्ये जादू म्हणजे गणित, तिचा पाया ट्यूरिंगने घातलेला आणि ती आवरायला ब्रिटिश सरकारचं एक कारकुनी खातं. नायक समलिंगी नाही, पण त्याच्या घरात राहणारे पिंकी आणि ब्रेन्स हे सहकारी जोडपं आहे. खात्याला त्याचं काही वाटत नाही. भांडण असतं ते फॉर्म कुणी भरायचे ह्यावर.

अमेरिकेतही तेच. १९५३मध्ये आयझेनहॉवरच्या आदेशाने 'लैंगिक विकृती' हे केंद्र सरकारच्या नोकरीतून काढायचं कारण ठरलं. १९५७मध्ये फ्रँक कॅमेनी हा खगोलशास्त्रज्ञ लष्कराच्या नकाशा विभागातून असाच गेला आणि मग आयुष्यभर सरकारशी भांडला. केवळ समलिंगी म्हणून गुप्त कामाचा परवाना नाकारायचा नाही, हे लेखी यायला १९९५ उजाडलं. थोडक्यात, समलिंगी सरकारी एजंट हीच तोवर भुताइतकी अद्भुत कल्पना होती.

म्हणून २००६ मला महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी जॉर्डन कॅस्टिलो प्राइसचं 'अमंग द लिव्हिंग' एका छोट्या प्रकाशनाकडून आलं. सायकॉप मालिकेची ही सुरुवात. त्याच वर्षी बीबीसीवर कार्डिफमधलं 'टॉर्चवुड' आलं, त्यातला कॅप्टन जॅक बाई, पुरुष, परग्रहवासी काहीच वर्ज्य न मानणारा. (२००९मध्ये त्याचा जोडीदार यांटो मेला, तेव्हा चाहत्यांनी कार्डिफच्या धक्क्यावर त्याचं स्मारकच केलं.) पण मला सायकॉप जास्त भावतं. शिकागो पोलिसांतला व्हिक्टर बेन ह्याला मेलेली माणसं दिसतात, ऐकू येतात, आणि तो ते बंद करायला गोळ्या खातो. तो पुरुषांवर प्रेम करतो ह्याचा फार गवगवा नाही. पण अतींद्रिय शक्ती असल्यामुळे तरुणपणी त्याला एका संस्थेत डांबलेलं असतं, जिला आतले लोक 'कॅम्प हेल' म्हणतात. नोंदणी, पातळ्या, प्रयोग, औषधं. समलैंगिकता हा आजार आहे असं १९७३पर्यंत अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अधिकृतपणे म्हणत होते, ते आठवल्याशिवाय ही पानं वाचताच येत नाहीत. लेखिकेने इतिहास तोच ठेवलाय, फक्त आजाराचं नाव बदललंय.

आणि पुढे काय होतं? अशा लोकांवर पाळत ठेवणाऱ्या केंद्रीय खात्यातच व्हिक्टर नोकरीला लागतो. माझ्या मते ह्या मालिकेचं खरं दुखणं इथे आहे. बिल्ला मिळाला, पगार मिळाला, पण यादी तशीच आहे आणि तीत आपलंही नाव आहे. के. जे. चार्ल्सच्या 'द मॅगपाय लॉर्ड'मध्ये (२०१३) हे आणखी टोकाला जातं. व्हिक्टोरियन लंडनमधला स्टीफन डे जादूगारांवर कायदा चालवतो आणि रात्री स्वतःच कायदा मोडतो. पुढच्या भागात त्याच्या नात्यावरून ब्लॅकमेल सुरू होतं. ते कपोलकल्पित नाही, लॅबूशेअरच्या कलमाला लोक ब्लॅकमेलवाल्यांची सनदच म्हणत.

पी. जेली क्लार्क तर पेशाने इतिहासाचा प्राध्यापक. त्याच्या 'अ मास्टर ऑफ जिन'मध्ये (२०२१) १९१२ सालचं कैरो आहे. जिन परत आलेत, इंग्रज हाकलले गेलेत आणि सूट-बूट-हॅट घालणारी फातमा जादू खात्याची एजंट आहे. तिची प्रेयसी सिती. इंग्रज गेले की त्यांचे कायदेही जातात, अशी सोय कादंबरीत करता येते. आपल्याला १९४७नंतर २०१८च्या सप्टेंबरपर्यंत वाट बघावी लागली.

ह्यातल्या पुष्कळ कथा बायकांनी बायकांसाठी लिहिल्यात, आणि समलिंगी पुरुष वाचकांपैकी काहींना त्या खोट्या वाटतात. हा आक्षेप पोकळ नाही. भिकार पुस्तकांत एजंटगिरी नावापुरती असते आणि दर तिसऱ्या प्रकरणाला पलंग. तेव्हा कुणाला हात घालायचाच असेल तर 'अमंग द लिव्हिंग'ने सुरुवात करा, छोटं आहे, रविवारी दुपारी संपतं. 'कार्मिला' त्याच्या आधी वाचलीत तर उत्तमच. आणि सायकॉप लोकलमध्ये वाचू नका. शृंगार मोकळा आहे आणि शेजारचा डोकावतोच.