टॉम-टॉमच्या आधाराची गोष्ट

आपल्याकडे तबला चुंबळीवर ठेवतात, ढोलकी मांडीवर घेतात किंवा गळ्यात अडकवतात, ताशा कमरेशी बांधतात. प्रत्येक तालवाद्याला आधार हवा असतो. वाद्य जागचे हलू नये, पण आवाजही दबू नये, अशी त्या आधाराकडून दुहेरी अपेक्षा असते. पाश्चात्त्य ड्रमसेटमध्ये ही दुहेरी अपेक्षा पुरी व्हायला विसाव्या शतकाचा बराच काळ खर्ची पडला. त्या खटपटीच्या खुणा जुन्या ड्रमसेटच्या लाकडावर आजही वाचता येतात.

ड्रमसेट आपण सर्वांनी पाहिलेला असतो. मधोमध पायाने वाजवायचा मोठा बेस ड्रम, वादकाच्या गुडघ्यांमध्ये स्नेअर ड्रम, बाजूला झांजा, आणि बेस ड्रमच्या पाठीवर तिरके बसवलेले एक-दोन छोटे ढोल. हे छोटे ढोल म्हणजे टॉम-टॉम. ते ज्या धातूच्या दांडीवर तोललेले असतात, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

पूर्वी बँडमध्ये मोठा ढोल एक जण वाजवी, छोटा दुसरा. १९०९ मध्ये शिकागोच्या विल्यम लडविग यांनी बेस ड्रमसाठी चपळ, वापरायला सोयीचे पेडल तयार केले आणि त्याच सुमारास भावाबरोबर कारखाना काढला. पायाने मोठा ढोल वाजवण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते, पण अशा पेडलांमुळे एकच माणूस दोघातिघांचे काम करू लागला. हात मोकळे झाले, तशी त्याच्यासमोर वाद्यांची गर्दी होऊ लागली. घंटा आल्या, लाकडी ठोकळे आले आणि चिनी टॉम-टॉमही आले. या चिनी ढोलांचे कातडे खिळ्यांनी ठोकलेले असे, त्यामुळे ते सुरात लावण्याची सोयच नव्हती. बेस ड्रमच्या कड्याला एखादा चिमटा लावून किंवा वरच्या चौकटीवर ते अडकवले की काम भागे. ते अधूनमधून रंगत आणण्यापुरते वाजत, त्यामुळे आधार डगमगला तरी कुणाचे काही बिघडत नसे.

१९३०च्या दशकात हे चित्र बदलले. बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदातील जीन क्रुपा या वादकाने टॉम-टॉमला रंगमंचाच्या मध्यभागी आणले. १९३७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले ‘सिंग, सिंग, सिंग’ आणि १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेला त्याचा प्रयोग यांत टॉमचा घुमणारा ठेका हाच जीव होता. क्रुपा यांच्या आग्रहामुळे स्लिंगरलँड कंपनीने दोन्ही बाजूंनी सुरात लावता येणारे टॉम बाजारात आणले. मोठा टॉम स्वतःच्या तीन पायांवर जमिनीवर उभा राहिला. वरच्या छोट्या टॉमला मात्र बेस ड्रमच्या पाठीवरच राहायचे होते, आणि आता त्याच्यावर जोरदार घाव पडणार होते.

त्यासाठी बेस ड्रमच्या खोडावर स्क्रूने बसवलेली धातूची पट्टी आली. तिच्यावर सरकणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला टॉमला जोडलेले ब्रॅकेट, अशी ही रचना होती. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर गावच्या ‘वॉलबर्ग अँड ऑगे’ या कारखान्याचे सुटे भाग त्या काळी अनेक नामांकित ड्रम कंपन्या आपल्या सेटवर वापरत. टॉम पुढेमागे सरकवता येई, थोडाफार कलवताही येई. पण हवी ती उंची आणि हवा तो कोन एकाच वेळी साधणे कठीण होते. शिवाय कार्यक्रम रंगात आला की टॉम हळूहळू खाली झुकू लागे.

यावर उत्तर शोधले ओहायो राज्यातील रॉजर्स कंपनीने. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथे जो थॉम्पसन यांनी ‘स्विव्ह-ओ-मॅटिक’ नावाची जोडणी घडवली. यात खोबणीत फिरणारा गोळा आणि त्यातून जाणारी षटकोनी दांडी होती. गोळ्यामुळे टॉम कुठल्याही दिशेला कलवता येई. षटकोनी दांडी गोल दांडीसारखी आपल्याभोवती फिरत नसे. ही जोडणी इतकी पसंत पडली की बीटल्सच्या रिंगो स्टार यांच्या लडविग सेटवरही टॉम धरायला रॉजर्सचाच आधार बसवलेला होता. लडविगचे नाव जगभर झाले ते रिंगोमुळे, पण त्या टॉमचा भार प्रतिस्पर्धी कंपनीच्या दांडीवर होता!

रॉक संगीत जसे कर्कश होत गेले, तसे टॉम मोठे झाले आणि दांड्या जाड झाल्या. १९७०च्या दशकात जपानी कंपन्यांचे भक्कम नळीचे आधार आले. काही रचनांत तर ही नळी थेट टॉमच्या खोडात शिरते. टॉम हलायचा थांबला, पण वादकांना वेगळीच तक्रार जाणवू लागली. ढोल वाजतो तेव्हा कातड्याबरोबर खोडही थरथरते. त्या थरथरीला घट्ट धरून ठेवले की नाद लवकर विझतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत गॅरी गॉगर यांची ‘रिम्स’ ही पद्धत लोकप्रिय झाली. यात टॉम त्याचे कातडे ताणणाऱ्या स्क्रूंच्या आधाराने एका धातूच्या पट्टीवर, मध्ये रबर घालून टांगलेला असतो. त्यासाठी खोडाला भोक पाडावे लागत नाही.

गंमत अशी, की साठच्या दशकातील रेकॉर्डवर टॉमचा जो थोडका, कोरडा ‘ठब’ असा आवाज आपण ऐकतो, त्यात या जुन्या, आवाज दाबणाऱ्या आधाराचाही वाटा आहे. ज्याला दोष म्हणून काढून टाकले, त्याच आवाजासाठी आज काही जण मुद्दाम जुने सेट शोधतात.

म्हणूनच जुन्या सेटची निगा महत्त्वाची ठरते. मुंबई-गोव्याच्या बँडवाल्यांकडे किंवा एखाद्या जुन्या वादकाच्या घरी असा सेट असेल, तर किनाऱ्यावरची दमट हवा हा त्याचा पहिला शत्रू. धातूचे भाग कोरड्या मऊ फडक्याने पुसावेत. पॉलिश पेपरने घासले तर गंजाबरोबर मुलामाही जातो. तेलाचा थेंब द्यायचा तो फक्त स्क्रूच्या आट्यांना. गोळा, दांडी आणि दातेरी चकत्या यांना तेल लावू नये, कारण त्यांचे काम घर्षणावरच चालते. टॉमचा कोन बदलताना आधी स्क्रू सैल करावा. घट्ट असताना टॉम धरून रेटला, तर दाते झिजतात आणि ब्रॅकेटभोवतीचे लाकूड तडकते. स्क्रू हाताने आवळावा. पक्कड लावण्याचा मोह टाळावा, कारण ओतीव धातू वाकत नाही, एकदम फुटतो. खोडाच्या आतल्या बाजूचे नट वाजवण्याच्या हादऱ्यांनी सैल होतात. वर्षातून एकदा कातडे उतरवून ते तपासावेत, आणि त्यांच्याखालचे वायसर हरवू देऊ नयेत. टॉमचे खोड बेस ड्रमला टेकत नाही ना, हेही पाहावे. मध्ये बोटभर जागा हवी.

एवढे करूनही टॉम घसरतोच, तेव्हा सर्वात सोपा वाटणारा उपाय म्हणजे ड्रिल मशीन आणून नवा, दणकट आधार बसवणे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत असंख्य जुन्या सेटवर हे झाले. त्या वादकांना दोष देता येणार नाही. त्यांना रोज रात्री कार्यक्रम करायचा होता, आणि तेव्हा ते सेट जुने नव्हते, फक्त गैरसोयीचे होते. पण खोडाला पडलेले भोक बुजवता येते, नाहीसे करता येत नाही. कारखान्यातून निघताना भोके कुठे होती, यावरून जाणकार सेटचा काळ आणि अस्सलपणा ओळखतात, आणि जादा भोकांमुळे त्याची किंमतही उतरते. रिंगो यांनी १९६३ मध्ये घेतलेला लडविग सेट २०१५ मध्ये लिलावात वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. पण रिंगोचे नाव सगळ्याच सेटच्या मागे नसते.

आता दुसरे मार्ग उपलब्ध आहेत. टॉम स्नेअरच्या स्टँडवर ठेवता येतो, किंवा भोक न पाडता टांगता येतो. काही जुन्या भागांच्या हुबेहूब प्रतीही बनतात. मूळ भाग काढावा लागला, तर तो पुडीत बांधून, वर नाव लिहून सेटबरोबरच ठेवावा. पुढे कुणाला तो परत जागी बसवावासा वाटेल, तेव्हा त्याला मूळ भोके जशीच्या तशी मिळाली पाहिजेत.