पित्तनलिकेंतील मोठा खडा

पित्ताच्या खड्याचें दुखणें मनुष्यास फार जुनें. परंतु तोंडावाटे दुर्बीण उतरवून, पोट न फाडतां, तो काढण्याची विद्या १९७३ सालची आहे.

यकृतांत तयार होणारें पित्त नलिकेनें लहान आतड्यांत उतरतें. तिच्या मुखाशीं असलेल्या स्नायूच्या वलयाचें वर्णन रुग्गेरो ओड्डी या इटालियन विद्यार्थ्यानें १८८७ मध्यें केलें. या चिंचोळ्या दाराशीं खडा अडकला म्हणजे पित्त तुंबतें, कावीळ होते आणि तुंबलेल्या पित्तांत जंतु माजल्यास प्राणावर बेततें. बाझेल येथील कूर्व्हाझिए यांनीं १८९० मध्यें नलिका उघडून खडा काढला. पुढें ऐंशी वर्षें तोच राजमार्ग राहिला. परंतु असे रोगी बहुधा वृद्ध व क्षीण. ज्यांस शस्त्रक्रियेची निकड अधिक, त्यांसच ती सोसण्याचें बळ कमी, असा हा पेंच होता.

१९६८ मध्यें वॉशिंग्टन येथें मॅक्यून यांनीं दुर्बिणीच्या साह्यानें या मुखांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांखालीं नलिका पाहिली. वाट सांपडली, दार उघडावयाचें राहिलें. तें १९७३ मध्यें जर्मनींत क्लासेन व डेमलिंग यांनीं आणि जपानांत कावाई यांनीं, विद्युत्प्रवाह खेळणाऱ्या बारीक तारेनें वलय छेदून उघडलें. लहान खडे तारांच्या जाळींत धरून बाहेर येऊं लागले. सुमारें १५ मिलिमीटरांहून मोठे खडे मात्र बधेनात. छेद वाढवावा, तर रक्तस्रावाचें व आतड्यास भोंक पडण्याचें भय. कधीं तर जाळीच खड्यासकट आंत अडकून बसे.

तेव्हां दार वाढवितां येत नसेल, तर दगडच लहान करावा, असा विचार पुढें आला. १९८२ मध्यें रीमान प्रभृतींनीं जाळी धातूच्या नळीवर आंवळून खडा जागच्या जागीं चिरडण्याचें साधन प्रसिद्ध केलें. २००३ मध्यें तुर्कस्तानच्या एर्सोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, छेद दिल्यावर तेंच मुख १२ ते २० मिलिमीटरांच्या फुग्यानें ताणण्याची रीत मांडली. आतां नलिकेच्या आंत बारीक दुर्बीण नेऊन लेसरनेंहि खडा फोडतात.

इतकेंहि करून खडा हटला नाहीं, तर प्लास्टिकची नळी ठेवून पित्तास वाट करून देतात आणि खडा पुढच्या खेपेसाठीं राखतात. हा पराभव मानूं नये. प्राणसंकट ओढवतें तें तुंबलेल्या पित्तामुळें; त्यास वाट मिळाली, कीं खड्याशीं झगडण्यास वैद्यास अवधि मिळतो.