मधपेटीतला काळा भुंगेरा: मेणकिडा नव्हे, वेळीच ओळखा

पेटीचे झाकण उघडताच उजेडापासून पळून फटीत दडणारा बारीक काळा किडा दिसला, तर मधपाळांनी सावध व्हावे. तो मधपेटीतला छोटा भुंगेरा असू शकतो. मूळचा आफ्रिकेतला हा भुंगेरा १९९८ मध्ये अमेरिकेत, तर २०१४ मध्ये इटलीत सापडला. भारतात २०२२ मध्ये पश्चिम बंगालमधून त्याची नोंद झाली. फुलोऱ्यामागे पेट्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, त्यामुळे बाहेरून आलेली वसाहत आधी वेगळी ठेवून तपासावी.

ओळख: भुंगेरा ५ ते ७ मिलिमीटर लांब, गडद तपकिरी ते काळा. मेणकिड्याची अळी पोळ्यात जाळी विणते. याची अळी जाळी करत नाही आणि तिच्या पाठीवर बारीक काटे असतात.

नुकसान: अळ्या मध, पराग आणि माशांची अंडी-पिल्ले खातात. त्यांच्या विष्ठेने मध आंबतो, फसफसून गळतो, सडक्या संत्र्यासारखा वास येतो. असा मध विकता येत नाही. माशा पेटी सोडून जाऊ शकतात.

उपाय: वसाहत जोमदार ठेवा, माशा नसलेल्या जादा चौकटी काढून घ्या. काढलेल्या चौकटींतला मध एक-दोन दिवसांत काढा, तशाच रचून ठेवू नका. रिकामी पोळी उणे १२ अंशांवर २४ तास गोठवून मग कोरड्या जागी ठेवा. अळ्या मातीत कोष करतात, म्हणून पेटीखालची जमीन कडक आणि कोरडी हवी. पेटीत कीटकनाशक फवारू नका, त्याने माशाच मरतील. शंका आल्यास किडा बंद डबीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.