तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या गोंदियात, किंबहुना अवघ्या पूर्व विदर्भात, तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांस जो मान मिळाला, तोच ह्या दिवशी लाकडी बैलास मिळतो. सुताराने कोरलेला, रंगविलेला, चाकांवर बसविलेला हा नंदी मुले दोरीने ओढीत तोरणाखाली आणतात. पूजा झाली, की त्याला घेऊन घरोघर जातात व बोजारा मिळवितात. नागपूरचे दुसरे रघूजी भोसले ह्यांनी १८०६ साली ही चाल पाडली, असे परंपरेने सांगतात. चाल राजाने पाडली असेल. टिकविली मात्र सुतारांनी आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी.

ह्या बैलाला खेळणे म्हणावे की मूर्ती? अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात होपी नावाचे मक्याची शेती करणारे लोक आहेत. पाऊस आणणाऱ्या 'काचिना' देवतांच्या रंगीत बाहुल्या ते झाडाच्या मुळापासून कोरतात. देवतांची सोंगे घेतलेले पुरुष उत्सवात त्या मुलींना देतात. बाहुली घरी भिंतीला टांगावयाची आणि देवतेची ओळख तिच्यावरून करून घ्यावयाची. पुढे संग्राहक व प्रवासी त्या विकत घेऊ लागले. फळीवर उभी राहावी म्हणून बाहुलीला बैठक आली. वस्तू तीच, पण देणारा हात बदलला, की तिचा अर्थही बदलतो.

आपल्या नंदीची गोष्ट ह्याहून निराळी आहे, पण काळजी तीच. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा धानाचा. बांध्यांतील चिखलाचे काम आता बैलांकडून ट्रॅक्टरकडे जात आहे. पूर्वी लाकडी बैल मुलाला गोठ्यातल्या बैलाची आठवण देई. आज पुष्कळ घरी गोठाच उरला नाही. उलट नंदी मोठा होत चालला आहे. सजावटीच्या स्पर्धेत बक्षीस मिळावे म्हणून काही नंदी इतके थोर करतात, की मुलाला ते ओढवतच नाहीत.

बैल शेतातून गेला, तो आम्ही परत आणू शकत नाही. परंतु येत्या तान्ह्या पोळ्याला मुलाला ओढता येईल एवढाच नंदी द्यावा, आणि दोरी हाती देताना आपल्या घरच्या शेवटच्या बैलजोडीची नावे त्याला सांगावीत, एवढीच श्रोत्यांस आमची विनंती आहे.