पिंजरा बदलताय? बजरीगरच्या खाण्याकडे लक्ष ठेवा

बाभुळगाव : वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर गेला, की ओसरीतला पिंजरा घरात येतो. दिवाळीपूर्वी रंगरंगोटी निघाली, की तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरतो. पिल्ले मोठी झाली, की जुन्याच्या जागी नवा, ऐसपैस पिंजरा आणला जातो. यवतमाळ-धामणगाव मार्गावरील बाभुळगाव असो वा विदर्भातील अन्य कोणतेही गाव, बजरीगर पाळणाऱ्या घरांत असे बदल होतच असतात. माणसाला ते किरकोळ वाटतात. जेमतेम ३० ते ४० ग्रॅम वजनाच्या या पक्ष्याच्या मात्र ते जिवावर बेतू शकतात, कारण भेदरलेला बजरीगर अनेकदा खाणेच थांबवतो.

मूळचा ऑस्ट्रेलियाचा
आपल्याकडील बाजारात हा पक्षी ‘लव्हबर्ड’ या नावाने विकला जातो. वस्तुतः खरे लव्हबर्ड आफ्रिकेकडील, आखूड शेपटीचे असतात. बजरीगर हा ऑस्ट्रेलियातील कोरड्या, गवताळ प्रदेशात राहणारा लांब शेपटीचा छोटा पोपट होय. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि पुढे हा पक्षी जगभरातील घरांत पोहोचला. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. बजरीगर विदेशी असल्याने त्याला ही मनाई लागू नाही.

रानात हा पक्षी थव्याने राहतो आणि ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांचे भक्ष्य ठरतो. त्यामुळे अनोळखी वस्तू म्हणजे धोका, ही त्याची उपजत समजूत असते. नवी वाटी, वेगळ्या रंगाचे खेळणे किंवा बदललेली खिडकीही त्याला बिचकवू शकते. तो आक्रसून एका कोपऱ्यात बसतो, किलबिल थांबवतो. त्याच्या लहानशा शरीरात साठा फारसा नसतो. दिवसभर थोडेथोडे खाणे ही त्याची गरज असते. ते थांबले, तर एक-दोन दिवसांतच प्रकृती ढासळते.

बदल एका वेळी एकच
नवा पिंजरा उंचीपेक्षा लांबीला अधिक असावा, कारण बजरीगर आडवा उडतो. जोडीसाठी किमान अडीच फूट लांबी आणि दोन गजांमध्ये अर्ध्या इंचापेक्षा कमी अंतर ठेवावे. गंजलेली किंवा जस्ताचा मुलामा सुटत असलेली जाळी टाळावी. ती चोचीने कुरतडल्यास विषबाधा होते.

पिंजरा आणताच पक्षी त्यात कोंबू नये. तीन-चार दिवस तो जुन्या पिंजऱ्याशेजारी ठेवावा. नंतर जुन्या दांड्या, जुन्या वाट्या आणि ओळखीचे खेळणे नव्या पिंजऱ्यात लावावे. दोन्ही दारे समोरासमोर जोडून, पलीकडे राळ्याचे कणीस टांगून पक्ष्याला स्वतःहून जाऊ द्यावे. हे काम सकाळी करावे, म्हणजे जागा ओळखण्यास दिवसभराचा उजेड मिळतो. हाताने धरून ओढल्यास नव्या जागेची भीती मनात बसते. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून आणि उंची पूर्वीइतकीच असावी. नव्या दांड्या पेरू किंवा कडुनिंबाच्या फांद्यांच्या चालतात, मात्र त्या आठवडाभरानंतर बसवाव्यात. मडक्यात अंडी किंवा पिल्ले असताना पिंजरा बदलूच नये.

भरलेली वाटी फसवी
बजरीगर दाणा सोलून खातो आणि फोल वाटीतच टाकतो. त्यामुळे वाटी भरलेली दिसली, तरी तीत दाणा नसू शकतो. रोज सकाळी फुंकर मारून फोल उडवावे आणि बाजरी-राळे किती उरले ते पाहावे. पहिले काही दिवस दाणे दोन ठिकाणी ठेवावेत, थोडे तळाशीही पसरावेत. तळाला पांढरा कागद घातल्यास विष्ठेवर लक्ष ठेवता येते. नेहमीची विष्ठा गडद असून तीत पांढरा भाग असतो. ती कमी, हिरवट व पातळ होऊ लागली, तर पक्षी खात नाही असे समजावे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करणे अधिक खात्रीचे. वजनात दहा टक्के, म्हणजे साधारण तीन-चार ग्रॅम घट हा गंभीर इशारा होय.

उन्हाळा आणि दिवाळी
उन्हाळ्यात पिंजरा घरात घेताना कूलरचा थेट झोत टाळावा. चोच उघडी ठेवून धापा टाकणे, पंख अंगापासून दूर धरणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी पक्षी सावलीत, हवेशीर जागी ठेवून पाणी द्यावे. स्वयंपाकघरात पिंजरा कधीही ठेवू नये. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले, तर त्यातून निघणारा वायू काही मिनिटांत पक्ष्याचा जीव घेतो.

रंगकाम चालू असेल, तर वास पूर्णपणे जाईपर्यंत पिंजरा दूरच्या खोलीत असावा. फटाक्यांच्या रात्री बजरीगर अंधारात दचकून गजांवर आपटतात. तीन बाजूंनी सुती कापड टाकून मंद दिवा लावून ठेवल्यास त्यांना बसण्याची दांडी सापडते.

डॉक्टरकडे केव्हा न्यावे?
एरवी आठवडा-दोन आठवड्यांत बजरीगर रुळतो. चोचीने पिसे साफ करणे, किलबिलणे आणि एका पायावर झोपणे ही स्वस्थतेची चिन्हे. पंख फुगवून तळाशी बसणे, शेपटी वरखाली करत श्वास घेणे किंवा दिवसभर काहीही न खाणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पक्ष्यांच्या विशेष उपचारांसाठी नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करता येईल. नेताना लहान खोका, ओळखीची दांडी आणि नेहमीचा दाणा सोबत घ्यावा. विष्ठेचा कागदही न्यावा, निदानास त्याची मदत होते.