पायाळूची लाथ, सुईणीचा हात

बारामती-इंदापूरच्या खेड्यांत कुणाच्या पाठीत उसण भरली की अजूनही घरातले म्हातारे माणूस विचारते, "गावात कुणी पायाळू आहे का?" पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आलेला. दुखणेकरी पालथा झोपतो, पायाळू त्याच्या कमरेवरून पाय फिरवतो किंवा हलकीशी लाथ मारतो आणि दोन-चार दिवसांत उसण जाते. आमच्या ओळखीच्या शिक्षकांतही असे 'बरे झालेले' आहेत, आणि त्यांतले एक तर विज्ञानच शिकवतात!

उसण जाते, हे खरेच आहे. पण कशाने जाते? कमरेचे नव्याने सुरू झालेले साधे दुखणे बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप ओसरते. पायाळूला बोलावणे जाते ते दुखणे ऐन भरात असताना. तिथून ते उतरणीलाच लागायचे असते. ज्यांनी पायाळूला बोलावलेच नाही, त्यांची उसण किती दिवसांत गेली, हे कुणी मोजत नाही. तेवढी मोजणी केल्याशिवाय श्रेय लाथेचे की काळाचे, हे कळण्याचा मार्ग नाही. चोळण्या-चेपण्याचा सारा इतिहास वाचताना आम्हाला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा येत गेला.

हा इतिहास जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोजच्या अभ्यंगाची शिफारस आहे आणि तिथला दृष्टांत मोठा बोलका आहे: तेलाने घडा, चामडे आणि गाडीचा आस जसा टिकाऊ होतो, तसे शरीर. आस आणि वंगण हे शेतकऱ्याच्या रोजच्या अनुभवातले होते. पण प्रत्यक्ष तेल चोळणारे हात मात्र पोथी वाचणाऱ्यांचे नव्हते. डोके आणि अंग रगडायला न्हावी, तालमीत पैलवान आणि बायकांसाठी सुईण. जे हात रोज दुसऱ्याच्या अंगाला लागत, त्यांना समाजाने खालचे मानले. त्यामुळे त्यांचे ज्ञान कुणी लिहून ठेवले नाही, आणि त्यांच्या चुकाही नाहीत.

आपल्याकडची ही कला साहेबाच्या देशात मात्र मानाने मिरवली. मूळचा पाटण्याचा दीन मोहम्मद 1814 साली इंग्लंडमधल्या ब्रायटनला गेला. तिथे त्याने वाफारा आणि चंपीचे स्नानगृह चालवले, 1822 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि तो राजाचा चंपीवाला झाला. आज आपण केस धुण्याच्या साबणाला 'शाम्पू' म्हणतो तो या चंपीचाच वंशज. त्याच सुमारास, 1813 मध्ये, स्वीडनच्या लिंगने स्टॉकहोमला व्यायाम आणि अंगमर्दन पद्धतशीर शिकवणारी संस्था काढली. पुढे ॲम्स्टरडॅमच्या मेझगर नावाच्या डॉक्टराने चोळणे, मळणे, थोपटणे या क्रियांचे वर्गीकरण रूढ केले.

1894 साली लंडनमध्ये मसाजच्या पाट्या लावून भलतेच धंदे चालत असल्याचा बोभाटा झाला. आपले काम बदनाम होऊ नये म्हणून चार परिचारिकांनी त्याच वर्षी प्रशिक्षित मालीश करणाऱ्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. परीक्षा ठेवली, आणि डॉक्टरच्या सांगण्याशिवाय उपचार करायचा नाही असा नियम घातला. तीच संस्था 1944 मध्ये 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' झाली. या चौघींतली रोझलिंड पॅजेट सुईणींच्या चळवळीतही आघाडीवर होती. इंग्लंडमध्ये सुईणींच्या प्रशिक्षणाचा आणि नोंदणीचा कायदा 1902 मध्ये झाला, त्यामागे तिचेही कष्ट होते. म्हणजे तिथे मालीश करणारी आणि बाळंतपण करणारी, दोघींनाही एकाच पिढीत शाळा मिळाली.

आपल्याकडे असे झाले नाही. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर, 1950च्या दशकाच्या सुरुवातीला, के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. सुईणींसाठी सरकारी दाई-प्रशिक्षण आले, पण त्याचा भर स्वच्छतेवर होता: हात, जागा, पाते, दोरा आणि नाळ. तो भर योग्यच होता, कारण धनुर्वाताने बाळे दगावत होती. मात्र पोटावरून आणि पाठीवरून फिरणाऱ्या हाताचे काय, याकडे फारसे कुणी पाहिले नाही. आता बाळंतपणे दवाखान्यात होतात. सुईणीचे नाळ कापण्याचे काम गेले. बाळबाळंतिणीला न्हाऊमाखू घालण्याचे राहिले. आणि कित्येक ठिकाणी गरोदर बाईच्या पोटाला तेल लावून 'मूल सरळ करण्याचे'ही राहिले.

इथे आपण पुन्हा पायाळूपाशी येतो. सातव्या महिन्याच्या सुमारास दर शंभरातली वीस-पंचवीस मुले पोटात पायाळू स्थितीत असतात. दिवस भरेपर्यंत त्यांतली तीन-चारच तशी उरतात, बाकीची आपणहून फिरतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होऊन लेक माहेरी येते, सुईण पोट चाचपते आणि सांगते, "मूल आडवंतिडवं आहे, चोळून सरळ करते." दोन महिन्यांनी मूल डोक्याकडून जन्मते. सुईण खोटे बोललेली नसते. तिला मूल हाताला लागलेले असते, आणि ते नंतर फिरलेलेही असते. फक्त तिने हात लावला नसता तरी बहुतेक वेळा ते फिरलेच असते.

मग हाताने मूल फिरवताच येत नाही का? येते. फ्रान्सच्या आदोल्फ पिनार याने 1878 मध्ये पोट चाचपून मुलाची स्थिती ओळखण्यावर ग्रंथ लिहिला आणि बाहेरून मूल फिरवण्याचा तो मोठा पुरस्कर्ता होता. आरोग्य केंद्रातली नर्स पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकते, तो कर्ण्यासारखा फीटोस्कोप पिनारच्याच नावाने ओळखला जातो. आजही तज्ज्ञ डॉक्टर नववा महिना लागल्यावर हा प्रयत्न करतात आणि साधारण निम्म्या वेळा तो साधतो. पण आधी सोनोग्राफीने वार कुठे आहे ते पाहतात, ठोके ऐकत राहतात आणि शस्त्रक्रियेची तयारी हाताशी ठेवतात. क्वचित वार सुटते, बाळाचे ठोके मंदावतात. घरी यांतले काहीच नसते, म्हणून गरोदर पोट दाबून चोळू नये. इथे आम्ही परंपरेचा मुलाहिजा ठेवणार नाही.

पाठीची गोष्ट वेगळी. गरोदरपणी पोटाचा भार पुढे येतो, सांध्यांचे बंध सैलावतात आणि कंबर धरते. कुशीवर झोपवून कंबर, खांदे हलक्या हाताने चोळले तर अनेकींना आराम वाटतो. हा आराम काल्पनिक नसावा. टोपण लागले की आपण ती जागा चोळतो. 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडले की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतले वेदनेचे 'दार' काहीसे लोटून घेतात. मात्र एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळायची नाही. गरोदरपणी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो. रक्तस्राव किंवा पोटात सतत कळ असेल तर तेलाची वाटी बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

आणि तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी? इथे निदान मोजणी तरी झाली आहे. 2015 मध्ये 25 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. मालिशीने थोड्या काळापुरता आराम पडलेला दिसला, दीर्घकाळ टिकणारा नाही. आणि बऱ्याच चाचण्या कच्च्या असल्याने तेवढ्यावरही फार विश्वास टाकता येत नाही, असा निष्कर्ष निघाला.

आराम थोड्या काळापुरता का, हे बारामती-इंदापुरात फडावर उभे राहिले की लक्षात येते. एकेकाळी हा कोरडवाहू मुलूख. 1880च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि त्यामागून ऊस. 1930च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, नंतर माळेगाव, भवानीनगर असे सहकारी कारखाने निघाले. ऊस तोडायला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दिवसभर वाकून तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. बाई गरोदर असली तरी कोयता अर्धा होत नाही. रात्री चोळलेली पाठ सकाळी पुन्हा मोळीखाली जाते.

या बायकांच्या कंबर-ओटीपोटाच्या दुखण्याचा इलाज कुठवर गेला, ते 2019 मध्ये उघड झाले. बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली; त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यांत चाळिशीच्या आतल्याही होत्या. प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे नाही. पण अंगदुखी, पांढरे जाणे, पाळीचा त्रास अशा तक्रारींसाठी आधी साधे उपाय करून पाहिले होते का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. पायाळूची लाथ निदान शरीरातले काही काढून तर नेत नव्हती!

संध्याकाळी कोपीत आई पालथी पडते आणि सात-आठ वर्षांची पोर तिच्या पाठीवर उभी राहून पावलांनी पाठ तुडवते. ही पोरे हंगामात जवळच्या शाळेत येऊन बसतात. वर्गात 'स्नायू' शिकवताना घरी कोण कुणाचे अंग चेपते, हे विचारून पाहा. हात भराभर वर होतील. त्यांतल्या एखादीच्या आईला दिवस गेलेले असतील, तर पाठीवर उभे राहू नकोस, तिला कुशीवर झोपव आणि हाताने चोळ, एवढे त्या पोरीला सांगावे. आणि आईची नोंद नर्सबाईंकडे झाली आहे का, तेही विचारावे.