सावेदादांचा कॅमेरा आणि झाडीपट्टीची रात्र

हौशी चित्रपटकाराने कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराला विचारण्याचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांचा त्याच्याशी काय संबंध, असेही कोणी म्हणेल. परंतु महाराष्ट्रात हा प्रश्न सव्वाशे वर्षे विचारला जात आहे आणि त्याच्या प्रत्येक उत्तराने काय टिकले व काय कायमचे गेले हे ठरवले आहे. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात तपासावा, असे आम्हांस वाटते.

या इतिहासाचे पहिले पान हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांचे. मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थांनी ७ जुलै १८९६ पासून वॉटसन हॉटेलात झालेले ल्युमिएर बंधूंचे खेळ पाहिले आणि इंग्लंडातील रायली ब्रदर्स यांच्याकडून एकवीस गिनींना कॅमेरा मागवला. १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पुं. परांजपे यांच्या स्वागताचेही चित्रीकरण केले. अभिनेते नाहीत, कथा नाही. समोर जे घडत आहे ते टिपावे, हीच त्यामागची प्रेरणा. ती शुद्ध हौशी प्रेरणा होय. मात्र कुस्तीची फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. डोळा मुंबईचा, हात मुंबईचा. पण चित्र उमटले की नाही हे समजायला समुद्रापलीकडून टपाल यावे लागे.

ही उणीव दादासाहेब फाळके यांनी नेमकी ओळखली होती. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला, हे सर्वज्ञात आहे. त्याच खरेदीत कोऱ्या फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्याचे यंत्रही होते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. छिद्रे पाडणे, धुणे, छापणे ही सारी कामे त्यांनी घरात आणली आणि त्यांतील मोठा भार सरस्वतीबाईंनी उचलला. यंत्राची परीक्षा म्हणून फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत टिपली आणि ते इवलेसे चित्र दाखवून भांडवल उभे केले. मगच १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कॅमेरा निवडणे म्हणजे त्याच्या मागची सगळी साखळी निवडणे, हा धडा त्या वाटाण्याच्या वेलात आहे.

पुढील अर्धशतकात यंत्र लहान होत गेले. १९२३ मध्ये सोळा मिलिमीटरची, १९३२ मध्ये आठ मिलिमीटरची आणि १९६५ मध्ये सुपर-एटची फिल्म आली. सुपर-एटच्या एका डबीत जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. त्यामुळे काय टिपायचे नाही, हे आधी ठरवावे लागे. शिवाय घरगुती वापरात धुतलेली मूळ फिल्म हीच बहुधा एकमेव प्रत असे. १९७४ च्या बिहार आंदोलनावरील ‘क्रांती की तरंगें’साठी आनंद पटवर्धन यांनी सुपर-एटवरील दृश्ये पडद्यावर टाकून ती पुन्हा सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपली. साधनाची मर्यादा साधनानेच ओलांडण्याची ही रीत हौशी परंपरेतलीच आहे.

कॅमकॉर्डर आला तो १९८३ नंतर. कॅमेरा आणि ध्वनिचित्रमुद्रक एकाच पेटीत आल्याने धुण्याचा टप्पाच संपला आणि टिपलेले त्याच क्षणी पाहता येऊ लागले. नवी अडचण निघाली ती संकलनाची: एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवताना प्रत्येक पिढीत चित्र पुसट होई. तरी मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख दोन व्हीसीआर जोडूनच संकलन शिकले आणि त्यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ उभा केला. सायकल ही त्यांची ट्रॉली, बैलगाडी ही क्रेन. यंत्रमागावर काम करणारी माणसे सुट्टीच्या दिवशी नट होत. १९९५ पासून आलेल्या डिजिटल व्हिडिओने प्रतीगणिक होणारी झीज थांबवली. ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या वेळी हिरव्या कापडापुढे नायक उडवण्यापर्यंत मजल गेली, ती फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात पाहावयास मिळते.

आता आम्ही भंडारा जिल्ह्यात येतो. पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातले, धानशेतीच्या मुलखातले गाव. हा मुलूख झाडीपट्टी रंगभूमीचा. धान निघाले की दिवाळीपासून होळीपर्यंत मंडईच्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी नाटके होतात. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. दंडार आणि खडी गंमत या त्याच मातीतल्या जुन्या कला. अशा गावातल्या हौशी माणसाने प्रयोग टिपण्यासाठी कॅमकॉर्डर घ्यायचा म्हटले की जाहिरातीतले निकष निरुपयोगी ठरतात. झूम कितीपट, हे गौण. कमी प्रकाशात चित्र कितपत स्वच्छ येते, हे आधी पाहावे. मंचावर झगझगीत दिवे आणि भोवती काळोख असला की स्वयंचलित प्रकाशयोजना काळोखाला भुलते आणि नटांचे चेहरे पांढरे फटक पडतात. म्हणून प्रकाश हाताने नियंत्रित करण्याची सोय हवी. बाहेरचा मायक्रोफोन जोडता यायला हवा, कारण कॅमेऱ्याच्या अंगचा मायक्रोफोन संवादांआधी शेजारच्या प्रेक्षकाचा खोकला टिपतो. तिपाई हवीच. मिनी-डीव्ही कॅसेटवर साधारण एक तास मावे. म्हणजे रातभराच्या नाटकात कॅसेट कोणत्या प्रवेशाच्या अखेरीस बदलायची, यासाठी टिपणाऱ्याला नाटक आधी माहीत असावे लागे. मेमरी कार्ड आणि मोबाइल यांनी ही अडचण दूर केली. प्रकाशाची आणि आवाजाची मात्र तशीच आहे.

याची काळजी साहित्याच्या वर्गाने का करावी? कारण झाडीपट्टीचे नाटक संहितेत पुरते सापडत नाही. झाडीबोलीचा हेल, उत्स्फूर्त घातलेली वाक्ये, गाण्यावर आलेला ‘वन्समोअर’, थंडीत कांबळे पांघरून बसलेल्या प्रेक्षकांची दाद, हे छापील पानावर येत नाही. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. परंतु एखाद्या नटाच्या जुन्या प्रयोगाचा अभ्यास करायचा म्हटला तर अभ्यासकापुढे आठवणींखेरीज फार थोडे असते.

आणि इथेच साखळीतला शेवटचा दुवा येतो: जतन. सावेदादांची ती कुस्ती आज आपणांस पाहता येत नाही. हौशी मंडळींच्या कपाटांतील चुंबकीय फितींनाही दमट हवेत बुरशी लागते. त्या वाचणारी यंत्रेही संपत आली आहेत. जुलै २०१६ मध्ये फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. मोबाइलमधले चित्रीकरण तर फोन बदलताना सहज पुसले जाते. म्हणून कॅमेरा निवडताना त्याच्या किमतीबरोबरच दुसरी प्रत ठेवण्याचा खर्चही धरावा, आणि प्रत्येक चित्रणासोबत गाव, तारीख, नाटक व कलावंत यांची नोंद लिहून ठेवावी, असे आमचे मत आहे. झाडीपट्टीतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपल्या परिसरातील जुन्या कॅसेटी वेळीच उतरवून घेतल्या, तर पुढच्या अभ्यासकाला प्रयोग पाहून लिहिता येईल. फाळक्यांनी छिद्रे पाडण्याचे यंत्र घरी आणले होते. आपल्या वाट्याला आलेले काम त्याहून सोपे आहे.